साडेबाराला वळायचं

डोंगरावर जायचा बेत कागदाच्या तळापासून आखायचा असतो, हे मला ताईंनी शिकवलं. कोरा कागद घ्यायचा आणि सगळ्यात खाली लिहायचं, 'सात वाजता घरी'. त्याच्या वरच्या ओळीत नाशिकला बस किती वाजता पोचायला हवी ते. त्याच्या वर, त्र्यंबकहून ती किती वाजता सुटते ते. त्याच्या वर, पायथ्याच्या गावातून त्र्यंबकला यायची बस. असं करत करत एकेक ओळ वर चढायचं. मध्येच एक वेळ यायची आणि तिच्याभोवती ताई लाल शाईने चौकोन काढायच्या. ती वळायची वेळ. त्या वेळेला जी जिथे असेल तिने तिथून मागे फिरायचं. पाणी पीत असलात तर बाटलीला झाकण लावायचं, फोटो काढत असलात तर काढून झाला असं समजायचं. चौकोनाच्या वर जेवढा कागद उरेल तेवढ्यात डोंगर चढायचा. बाकीचे लोक आधी डोंगर ठरवतात आणि मग बस बघतात. ताई म्हणायच्या, त्यांना डोंगर मिळतो, बस मिळत नाही.

नाशिकच्या एका सरकारी कचेरीत त्या ट्रेसर होत्या. कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे मोठाले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे त्यांचं काम. साहेब लोक पेन्सिलीने काय वाटेल ते खरडत, ताई त्याचा नकाशा करत. मी त्याच कचेरीत आवक-जावक सांभाळणारी कनिष्ठ लिपिक. नव्वदचं दशक अर्धं संपलेलं, मी नव्याने लागलेली आणि नव्याने लग्न झालेली. माझं टेबल आरेखन शाखेच्या दाराला लागून होतं, त्यामुळे नकाशांच्या प्रती काढायच्या मशिनाचा अमोनिया आणि ताईंचा आवाज दोन्ही दिवसभर माझ्या नाकाकानात असायचे. दोन्हींनी डोळ्यांत पाणी यायचं.

ठेंगणी, काटक बाई. पन्नाशीच्या जवळपास. केस कपाळाला ताण बसेल इतके ओढून बांधलेले. मनगटावर वडिलांचं चावीचं घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून. मी एकदा विचारलं, असं उलटं का घालता. तर म्हणाल्या, "वेळ मला बघायची असते, लोकांना दाखवायची नसते." लग्न केलेलं नव्हतं. नाशिकरोडच्या एका वसाहतीत, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या.

त्यांच्या हट्टाची एक गोष्ट कचेरीत सगळ्यांना पाठ होती. एका नव्या साहेबांनी कालव्याची एक रेघ अशी आखली होती, की पाण्याला मध्ये थोडा चढ चढावा लागला असता. ताईंनी तो कागद गिरवायला नकार दिला. साहेबांनी सांगितलं, तुमचं काम गिरवायचं आहे, तपासायचं नाही. ताई म्हणाल्या, बरोबर आहे साहेब, पण पाण्याला ते माहीत नाही. आणि तीन आठवडे तो कागद त्यांच्या फळीवर तसाच पडून राहिला. शेवटी साहेबांनी रेघ खोडून नवी आखली आणि ती आपल्यालाच सुचली असं सगळ्यांना सांगितलं. ताईंची त्याला काही हरकत नव्हती. पाणी नीट गेलं म्हणजे झालं, एवढंच त्यांचं म्हणणं.

अशी ही बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा बायकांना घेऊन डोंगरावर जायची. कचेरीतल्या आम्ही सहाजणी, त्यांच्या वसाहतीतल्या दोन शिक्षिका, दवाखान्यातल्या दोन नर्सबाई आणि एक पोस्टातली. रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी, कावनई. आजच्या मुलींना यात काय विशेष वाटणार? पण तेव्हा आमच्यातल्या बहुतेकींना रविवार म्हणजे मटार सोलायचा, गाद्यांना ऊन द्यायचा आणि नणंदेच्या मुलांना न्हाऊ घालायचा दिवस होता. संसारी बाईने उगाच डोंगर चढून यावं, तिथे देव नाही की नवस नाही, हे कुणाच्या डोक्यात बसत नव्हतं.

माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन प्रश्न विचारले. कोण नेतंय, आणि त्यांचं आडनाव काय. मी आडनाव सांगितलं. सासूबाई थोडा वेळ लसूण सोलत राहिल्या आणि मग म्हणाल्या, डबा आपला आपण खा. मी हो म्हणाले. त्या दिवशी रामशेजवर एका झाडाखाली ताईंनी एक मोठं धुवट फडकं अंथरलं आणि एकेक डबा घेऊन त्यावर पालथा करायला सुरुवात केली. पोळ्या, भाकऱ्या, मेथीचे ठेपले, बटाट्याची भाजी, ठेचा, कुणाचा बोंबील. माझा डबा मी मांडीवर धरून बसले होते. तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि पालथा केला. जिला चालत नसेल तिने उपाशी राहावं, डोंगर कुणाला आग्रह करत नाही, असं त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, पण बघत माझ्याकडे होत्या. मला लाज वाटली. मग भूक लागली. नाचणीची भाकरी आणि ठेचा मी त्या दिवशी जितका खाल्ला तितका नंतर कधी खाल्ला नसेल. घरी जाऊन सासूबाईंना एवढंच सांगितलं, की डबा संपला.

ताई कुणाच्याही घरी परवानगी मागायला गेल्या नाहीत. एखादीचा नवरा कचेरीत फोन करून चौकशी करायचा. तेव्हा ताई त्याला कुठली बस, कोणता डोंगर, पाणी कुठे, सगळं शांतपणे सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, हे आपल्या माहितीस्तव. सरकारी कागदावरचा शब्द. समोरचा मंजुरी द्यायच्या तयारीत असायचा आणि इकडे मंजुरीचा रकानाच नसायचा.

त्याच्या बदल्यात ताईंनी एकच गोष्ट दिली होती. सात वाजता प्रत्येकजण आपापल्या दारात. सातला पाच कमी असताना माझ्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही रिक्षातून उतरायचो. अशी सहा-सात वर्षं त्यांनी बायका नेल्या आणि एकदाही सात वाजून गेले नाहीत. पोस्टातल्या बाईंच्या सासूने म्हणे या रविवारी घड्याळ बघणंच सोडून दिलं होतं. सून दारात आली, की ती कुकर लावायची.

वळायच्या वेळेच्या नियमामागे काहीतरी मोठं दुःख असणार, असं आमच्या कचेरीने ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे त्यांचा भाऊ कड्यावरून पडला. कुणी म्हणे लग्न ठरलं होतं तो मुलगा. मी एकदा अंजनेरीच्या वाटेवर धीर करून विचारलं.

ताई हसल्या. "कोणी मेलेलं नाही. कोणी मेल्याशिवाय बाईने नियम करू नये का?" चार पावलं चालून गेल्यावर त्या आपणहून पुढे बोलल्या. "डोंगर आहे तिथेच राहणार. पण आपल्यातली एक जरी उशिरा घरी गेली, तर पुढच्या महिन्यात तिला सोडणार नाहीत. मग तिच्याकडे बोट दाखवून दुसरीला सोडणार नाहीत. मला डोंगराचं काही पडलेलं नाही. अकरा बायकांचा पुढचा रविवार सांभाळायचाय."

प्रत्येक बेताच्या आधीच्या रविवारी त्या एकट्या जाऊन वाट बघून यायच्या. त्याला त्या पाहणी म्हणायच्या. सोमवारी पारदर्शक कागदाच्या टाकाऊ तुकड्यांवर त्या वाटेचा नकाशा गिरवायच्या. त्या नकाशात पाणी असायचं, सावली असायची, निसरडी जागा असायची, बायकांना जायला आडोसा कुठे आहे ते असायचं. एवढं बारीक काम, आणि शिखर मात्र नसायचं. मी म्हटलं, ताई, डोंगराचं टोक राहिलं. तर म्हणाल्या, ते कुणालाही दिसतं, त्याला नकाशा कशाला.

पण एका टोकाने त्यांना छळलं होतं, आणि ते हरिहरचं. त्र्यंबकच्या पलीकडे हा किल्ला आहे. पायथ्याच्या निरगुडपाड्यातून दीड-दोन तास चढून गेलं, की उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. जिना नव्हे, भिंतीला टेकवलेली शिडीच ती. पायरीपायरीला दोन बाजूंना हाताची बोटं अडकवायला खाचा केलेल्या आहेत. पायऱ्या संपल्या, की दगडी दरवाजा. त्या काळात तिथे चिटपाखरू नसायचं. दर हिवाळ्यात ताई एकदा हरिहरचा बेत आखायच्या आणि दर हिवाळ्यात चौकोनातली वेळ पायऱ्यांच्या अलीकडेच व्हायची. कधी बस उशिरा आली, कधी कुणाच्या पोटात दुखलं. पाहणीच्या वेळी तुम्ही एकट्या असता, तेव्हा का नाही वर जात, असं विचारलं तर म्हणायच्या, एकटीनेच जायचं असतं तर तुम्हाला कशाला गोळा केलं असतं. पाड्यावरची एक बाई आम्हाला दरवेळी हंड्यातलं पाणी द्यायची. तिने एकदा ताईंना तोंडावर विचारलं, "बाय, इतक्या लांबून येता आन् दारातून परत जाता. वर जायाचं नाय तं येता कशाला?" ताई म्हणाल्या, ते अजून जागेवर आहे का, ते बघायला येते.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यातला हरिहर मी जन्मभर विसरणार नाही, आणि त्यात अभिमानाचा भाग थोडा आहे. चौकोनात साडेबारा लिहिलं होतं. त्या दिवशी सगळं जमून आलं. बस वेळेवर, हवा थंड, कुणाचं काही दुखलं नाही. बाराला आम्ही पायऱ्यांच्या तळाशी होतो. ताईंनी सांगितलं, ज्यांना चढायचंय त्यांनी चढा, साडेबाराला जिथे असाल तिथून उतरा. आम्ही चौघी चढायला लागलो. बाकीच्या तिघी घाबरत घाबरत पाच-दहा पायऱ्यांवर थांबल्या. मी पुढे गेले. का गेले ते सांगते. त्या आठवड्यात घरी माझ्या नोकरीवरून बोलणी झाली होती. मूलबाळ झाल्यावर सोडायचीच आहे तर आत्ताच सोड, असं नवरा, सासू आणि माहेरून आलेला माझा सख्खा भाऊ, तिघांनी बसून ठरवलं होतं. मला त्यांनी चहा करायला आत पाठवलं होतं. त्या कातळाला चिकटून चढताना मला वाटत होतं, हे तरी माझं मी पूर्ण करणार.

खालून ताईंची हाक आली. साडेबारा, वळा. दरवाजा माझ्या डोक्यावर आठ पायऱ्यांवर होता. मी खाली बघितलं नाही. दुसऱ्यांदा हाक आली, तीही मी ऐकली आणि वर चढत राहिले. दरवाज्यातून आत गेले, कातळात खोदलेल्या बोळातून वाकत वाकत पुढे, परत पायऱ्या, आणि मी माथ्यावर. वारा असा, की पदर हातात राहीना. छोटंसं देऊळ, दगडी तळं, आणि लांब खाली वैतरणेच्या धरणाचं पाणी, ज्याचे नकाशे मी इकडून तिकडे नोंदवत होते. मी तिथे एकटी उभी राहून मोठ्याने हसले. मला त्याचा पस्तावा झाला पाहिजे, पण अजून होत नाही.

पस्तावा झाला तो उतरताना. दरवाज्यातून खालच्या पायऱ्या बघितल्या आणि मला खाली पाय टाकवेना. वर जाताना दगड दिसतो, खाली येताना दरी दिसते. मी उंबऱ्यावर बसले ते बसलेच. किती वेळ गेला कळलं नाही. मग पायऱ्यांवरून ताईंचं डोकं वर आलं. साडीचा काचा मारलेला, पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या. दरवाजा त्यांच्यापासून एक हात लांब होता. त्यांनी आत नजरही टाकली नाही. मला म्हणाल्या, तोंड दगडाकडे कर आणि मी सांगते तसं कर. आणि माझा एकेक पाय स्वतःच्या हाताने धरून त्यांनी खाचेत ठेवला. डावा. आता उजवा. हात सोडू नको. शंभरएक पायऱ्या अशा. रागाचा एक शब्द नाही. तो असता तर बरं झालं असतं.

बस गेली होती. मोबाइल नावाचं काही नव्हतं. पाड्यावरून आम्ही त्र्यंबकच्या दिशेने चालत निघालो, अंधार पडल्यावर भाजीचा एक टेम्पो मिळाला, आणि घरोघरी पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. सात वर्षं ज्यांनी घड्याळ बघितलं नव्हतं, ते सगळे दारात घड्याळ घेऊन उभे होते.

सगळ्यात जास्त ताप झाला तो आमच्या टंकलेखिकेला. ती पंचवटीतली, अतिशय अबोल मुलगी. तिचं बोलणं सगळं मशिनवर. तिचे सासरे आयुष्यभर भाजी मार्केटात अडत केलेले, तिखट गृहस्थ. मंगळवारी ते थेट कचेरीत आले आणि आरेखन शाखेच्या दारात, म्हणजे माझ्या टेबलासमोर, उभे राहिले. टंकलेखिका मान खाली घालून बसली होती. सासऱ्यांनी आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"माझी सून पावणेदहाला घरी आली. आख्ख्या गल्लीनं बघितलं. हे कुणामुळं झालं, तेवढं नाव मला सांगा."

ताईंनी पेनाला टोपण लावलं आणि उभ्या राहिल्या. "बेत माझा होता. उशीर माझ्यामुळे झाला."

"तुमी एकट्यानं बस चुकवली?"

"बेत माझा होता. विचारायचं ते मला विचारा."

मी आवक रजिस्टरात एका पत्राचा क्रमांक लिहीत होते. तो मी पुन्हा लिहिला, आणि मग परत एकदा त्याच्यावरच गिरवला. मान वर केली नाही. मी भित्री होते म्हणून गप्प बसले, याला दुसरं कुठलंही चांगलं नाव नाही.

प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. विवाहित महिला कर्मचाऱ्यांना पतीच्या किंवा सासरच्या लेखी संमतीशिवाय सहलीला नेणार नाही, असं ताईंनी लिहून द्यावं, असं ठरलं. साहेब खरं तर वाईट नव्हते, त्यांना फक्त दारातली माणसं जायला हवी होती. ताईंनी कागद मागून घेतला आणि त्यांच्या त्या सुरेख गोल अक्षरात दोन ओळी लिहिल्या. कार्यालयातील महिला रविवारी कुठे जातात हा कार्यालयाचा विषय नाही. त्यांना कुठे जायचे हे त्या ठरवतील, माहितीस्तव सादर. आवक क्रमांक मलाच टाकायला लागला. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला आणि फाईलला लावून टाकला. त्यावर पुढे कधीच काही झालं नाही, कारण काय करायचं ते कुणालाच सुचलं नाही.

पण रविवार गेला तो गेलाच. पुढच्या महिन्यात दोघी आल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात कोणीच नाही. माझ्या घरी नवरा म्हणाला, थोडे दिवस थांब. मी त्याचं इतक्या चटकन ऐकलं, की तोही चकित झाला. खरं म्हणजे मला ताईंच्या समोर बसमध्ये बसायचं नव्हतं. ताई मात्र दर महिन्याला बेत आखायच्या, अकरा प्रती काढायच्या आणि पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी प्रत्येकीच्या टेबलावर ठेवायच्या. काही बोलायच्या नाहीत. सोमवारी त्यांच्या बुटांना लाल माती असायची. अकरा बायकांचा बेत आखून एकट्याच जाऊन, एकट्याच साडेबाराला वळून, सातला घरी. कचेरीत लोक हसायचे. बाई कामातून गेली, म्हणायचे. मला ते हसू अंगात काट्यासारखं बोचायचं, कारण ते माझ्यामुळे होतं आणि हे हसणाऱ्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या महिन्यातल्या शुक्रवारी तो कागद टेबलावर आला आणि मला राहवलं नाही. संध्याकाळी बस धरून मी पंचवटीत टंकलेखिकेच्या घरी गेले. सासरे ओट्यावर बसले होते. मी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, की उशीर माझ्यामुळे झाला. ताईंनी दोनदा हाका मारल्या होत्या, त्या ऐकूनही मी वर गेले. नंतर उतरता येईना म्हणून त्या मला न्यायला आल्या. सगळ्या वेळेवर वळल्या होत्या, तुमची सूनही.

त्यांनी विचारलं, "त्या बाईनं तुमचं नाव का नाय घेतलं?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

"तुमी तर तिथंच बसल्या होत्या."

मी हो म्हणाले. ते आत या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. दाराआड टंकलेखिका उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी उन्हाने तापलेल्या रस्त्यावरून स्टँडपर्यंत चालत गेले, आणि कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास आला.

ताईंना मी शनिवारी सांगितलं. वाटलं होतं, त्या पाठीवर हात ठेवतील. त्या भडकल्याच. तुला हे कुणी सांगितलं होतं करायला, म्हणाल्या. मी म्हटलं, चूक माझी होती. "चूक तुझीच होती. जबाबदारी माझी होती. दोन वेगवेगळ्या फायली आहेत, त्या एकत्र बांधायच्या नाहीत." आणि परत नकाशावर वाकल्या. मग थोड्या वेळाने मान वर न करता विचारलं, उद्या येणार आहेस का.

मी गेले. घरी शब्द वाढले, त्यात मीही मागे राहिले नाही. नोकरी सोडणार नाही, हेही त्याच भरात सांगून टाकलं. पहाटे पावणेसहाला जुन्या स्टँडवर आम्ही दोघीच होतो. बस लागली, आम्ही बसलो, आणि कंडक्टरने घंटी मारायच्या बेतात एक बाई पदर खोचून पळत येताना दिसली. टंकलेखिका. पंचवटीहून चालत आली होती. हातात चारजणींना पुरेल एवढा डबा. ती माझ्या शेजारी बसली, दम खाल्ला. घरी विचारलंस का, असं मी हळूच म्हटलं. तिने डबा मांडीवर नीट ठेवला.

"विचारलं नाही," ती म्हणाली. "सांगून आले."

मामंजी काय म्हणाले, असं पुढे बसलेल्या ताईंनी मान न वळवता विचारलं. टंकलेखिकेने सांगितलं, ते म्हणाले, पाणी जास्त ने. ताईंनी मान हलवली आणि तिला तिची प्रत दिली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही परत नऊजणी झालो. एक नर्सबाई मात्र परत कधीच आल्या नाहीत. त्यांचा रविवार मी खाल्ला, ते माझ्या नावावर आहे.

पुढे कचेरीत संगणक आले. गिरवायचे नकाशे यंत्रातून आपोआप बाहेर पडायला लागले. ताईंना निवृत्तीआधीची शेवटची काही वर्षं टपाल विभागात माझ्या शेजारी बसवलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण यंत्रातून आलेल्या प्रत्येक नकाशात एक तरी चूक काढल्याशिवाय त्यांना घास जात नसे. निवृत्त झाल्या, आई गेली, गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, बरं, माहितीस्तव.

त्या हरिहरला अठरा वर्षं होत आली होती, तेव्हा एका दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि मैत्रिणींबरोबर हरिहरला जाऊन आली होती. कुणी तिला वेळ विचारली नव्हती, मीसुद्धा नाही. तिचा कॅमेरा मी बरोबर नेला होता. ताई, माथ्यावरचे फोटो बघा, म्हणून मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

"नको दाखवू. मी अजून गेले नाही."

डिसेंबरचा पहिला रविवार ठरला. जुन्यांतल्या आम्ही पाचजणी आलो, टंकलेखिकाही, आता तिचेच केस पांढरे. पाड्यापर्यंत जीप केली. पायऱ्यांपर्यंत पोचायला ताईंना साडेचार तास लागले. दर दहा पावलांवर थांबत होत्या, पण बसल्या एकदाही नाहीत. वळायची वेळ काय, असं कुणीतरी विचारलं. ताई म्हणाल्या, आज माझी कोणी वाट बघत नाही.

पायऱ्यांवर त्या दिवशी गर्दी होती. मुंबईहून कुठल्याशा गटाने पन्नासेक मुलं-मुली आणल्या होत्या आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला त्यांचा म्होरक्या आमच्या मागेच होता. ताई मध्ये, पुढे मी, मागे टंकलेखिका. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. गुडघा दुमडेना, तो त्या हाताने उचलून ठेवत होत्या. निम्म्यावर आल्यावर त्या म्होरक्याला धीर निघेना. आजी, जरा पटापट, आमचं टायमिंग आहे, असं तो खालून म्हणाला. मग दोनदा शिट्टी वाजवली.

ताई थांबल्या. दोन्ही हात खाचांत घट्ट रोवून त्यांनी मान वळवली आणि त्याच्याकडे खाली बघितलं.

"मी अठरा वर्षं थांबलेय. तू पाच मिनिटं थांब."

तो थांबला. त्याच्यामागची पन्नास मुलं थांबली, खाली कातळाच्या तळापर्यंत सगळी रांग जिथल्या तिथे उभी राहिली. आणि ताई दगडाकडे तोंड करून पुढची पायरी चढल्या.